एएमएच, स्पिल, ४एबी, बीटा… मूल होण्याच्या उपचारांतले शब्द समजून घेण्यासाठी धागा

कोवळं_ऊन

मूल होण्यासाठीच्या उपचारांवर इथे सल्ल्यांचे धागे पुष्कळ आहेत. हा फक्त शब्दांसाठी. डॉक्टर पाच मिनिटांत एएमएच, एएफसी, ट्रायलॅमिनर, बायलॅटरल स्पिल असं काय काय बोलून जातात, आपण मान डोलावून बाहेर येतो आणि रात्री दोन वाजता मोबाइलवर शोधत बसतो. तेव्हा जे सापडतं त्याने झोप तेवढी उडते.

मी डॉक्टर नाही, या सगळ्यातून गेलेली आहे. पण इतक्या फायली चाळल्यावर एक मत पक्कं झालंय. प्रत्येक तपासणी एका ठरावीक प्रश्नाचं उत्तर देते आणि आपली बहुतेक घबराट त्या उत्तरावरून भलत्याच प्रश्नाचा निकाल लावल्यामुळे होते. म्हणून इथे शब्द विचारताना 'याचा अर्थ काय' याच्या जोडीने 'हे कशासाठी बघतात' हेही विचारूया.

पहिला शब्द वंध्यत्व. हा 'मूल होणार नाही' असा शिक्का नव्हे. गर्भनिरोधक न वापरता, नियमित संबंध असूनही बारा महिन्यांत गर्भ राहिला नाही तर तपासण्या सुरू कराव्यात, एवढंच ती व्याख्या सांगते. बाईचं वय ३५ च्या पुढे असेल तर सहा महिने. पाळी महिनोन् महिने येत नसेल किंवा एखादा दोष आधीच माहीत असेल तर तेवढंही थांबायचं नाही. आधी कधीच गर्भ राहिला नसेल तर प्रायमरी. आधी राहिला होता, मग तो टिकला असो वा नसो, आणि आता राहत नाही तर सेकंडरी. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३ च्या अहवालाप्रमाणे दर सहा माणसांत साधारण एकाला आयुष्यात कधी ना कधी याला तोंड द्यावं लागतं. तेव्हा 'माझ्याच वाट्याला का' हे मनात येणारच, पण ते खरं नाही.

विचारा.

नवीन_आयडी

वय ३२. एएमएच ०.८ आलंय. रिपोर्टवर खाली 'लो ओव्हेरियन रिझर्व्ह' असं छापलंय. माझी बीजं संपत आली का? आपोआप गर्भ राहणारच नाही का आता? कालपासून डोकं चालत नाहीये.

कोवळं_ऊन

आधी पाणी पी आणि श्वास घे. मग हे वाच.

बीजकोशात ज्या बारीक बारीक पुटकुळ्या असतात, ज्यांना फॉलिकल म्हणतात, त्यांतल्या लहान फॉलिकल्समधून एएमएच हे संप्रेरक रक्तात येतं. लहान फॉलिकल्स जास्त तर एएमएच जास्त. म्हणजे ही तपासणी साठ्याचा अंदाज देते. तो कशासाठी लागतो? आयव्हीएफची, म्हणजे शरीराबाहेर फलन करण्याच्या उपचाराची, इंजेक्शनं दिली तर एका खेपेला साधारण किती बीजं हाती लागतील आणि डोस किती ठेवावा, हे ठरवायला. त्या कामात हा आकडा खरंच उपयोगी आहे.

आता तू त्यावरून जे दोन निष्कर्ष काढलेस ते दोन्ही त्या आकड्यात नाहीत. बीजांचा दर्जा एएमएचवरून कळत नाही, तो मुख्यतः वयाबरोबर जातो, आणि तुझं वय ३२ च आहे. दुसरं, महिन्याला बीज एकच सुटायचं असतं. साठा मोठा असो की लहान, त्या महिन्यात एक सुटलं, ट्यूब म्हणजे गर्भनलिका मोकळी असली आणि शुक्राणू पोचले तर पुरे. वंध्यत्वाचा काही पूर्वेतिहास नसलेल्या, तिशी ते चव्वेचाळिशीतल्या बायकांवर एक अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात कमी एएमएच असलेल्यांना आपोआप गर्भ राहण्याची शक्यता कमी असल्याचं दिसलं नाही.

मग या आकड्याचं करायचं काय? वेळ वाया घालवायचा नाही. साठा कमी असेल तर 'बघू पुढच्या वर्षी' हे परवडत नाही. दोघांच्या बाकीच्या तपासण्या याच महिन्यात करून घ्या.

स्टेथोस्कोप

वर बरोबर लिहिलंय. स्त्रीरोगतज्ज्ञ म्हणून थोडी भर घालतो.

एकक बघा. काही लॅब नॅनोग्रॅममध्ये देतात, काही पिकोमोलमध्ये. १ नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर म्हणजे साधारण ७.१४ पिकोमोल प्रति लिटर. तेव्हा ०.८ आणि ५.७ हा एकच निकाल आहे. दोन लॅबचे रिपोर्ट शेजारी ठेवून 'वाढलं' म्हणून आनंदणारे आणि 'घसरलं' म्हणून रडणारे, दोन्ही पेशंट मी पाहिलेत. गर्भनिरोधक गोळ्या चालू असतील तर आकडा थोडा खाली दिसू शकतो, हेही डॉक्टरांना सांगा.

शिवाय एकट्या एएमएचवर आम्ही ठरवत नाही. पाळीच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सोनोग्राफीत दोन्ही बीजकोशांतली २ ते १० मिलिमीटरची फॉलिकल्स मोजतात, ती एएफसी. त्याच दिवसांत रक्तातलं एफएसएच आणि इस्ट्रॅडिओल (इस्ट्रोजेनचा एक प्रकार) बघतात. एफएसएच मेंदूतून येतं, बीजकोशाला 'फॉलिकल वाढव' म्हणून सांगतं. बीजकोश दाद देईनासा झाला की मेंदू आवाज चढवतो, म्हणून तिथे आकडा वाढलेला वाईट. इस्ट्रॅडिओल सोबत का? ते चढलेलं असेल तर एफएसएच खोटं कमी दिसतं. एकटा एफएसएच पाहून खूश होऊ नका.

जास्वंद

माझं नेमकं उलटं. एएमएच खूप जास्त, सोनोग्राफीत 'पॉलिसिस्टिक ओव्हरीज'. सगळे म्हणतात साठा भरपूर आहे, मग गर्भ का राहत नाही? आणि या सिस्ट काढाव्या लागतात का?

स्टेथोस्कोप

काढायचं तिथे काही नाही. त्या सिस्ट नव्हेतच, वाढ अर्धवट थांबलेली लहान फॉलिकल्स आहेत. साठा भरपूर आहे, पण त्यातलं एकही पुढे जाऊन फुटत नाही, बीज सुटत नाही. त्याला अनओव्ह्युलेशन म्हणतात.

पीसीओएस हे निदान नुसत्या सोनोग्राफीवर होत नाही. २००३ मध्ये रॉटरडॅमला ठरलेल्या निकषांप्रमाणे तिन्हींपैकी दोन गोष्टी हव्यात: अनियमित पाळी किंवा बीज न सुटणं, पुरुषी संप्रेरकं वाढल्याची लक्षणं किंवा तसा रक्ताचा रिपोर्ट, आणि सोनोग्राफीतलं ते चित्र. त्याआधी थायरॉइड, प्रोलॅक्टिन वगैरे दुसरी कारणं वगळायची. पाळी नियमित आणि बाकी काही नाही, नुसतं सोनोग्राफीवर 'पीसीओ' लिहिलंय, तर तुम्हाला पीसीओएस नाही.

जास्वंद

मला लेट्रोझोल दिलंय. नेटवर बघितलं तर ते ब्रेस्ट कॅन्सरचं औषध निघालं!! केमिस्टनेही विचित्र नजरेने पाहिलं. घेऊ की नको?

स्टेथोस्कोप

घ्या. मूळ वापर तोच होता, पण इथे काम वेगळं आहे. पाळीच्या सुरुवातीला साधारण पाच दिवस घेतलं की शरीरातलं इस्ट्रोजेन तात्पुरतं खाली येतं. मेंदूला वाटतं बीजकोश झोपलाय, तो एफएसएच वाढवतो, फॉलिकल वाढायला लागतं. औषध बीज सुटायच्या आधीच शरीरातून बऱ्यापैकी निघून गेलेलं असतं. पीसीओएसमध्ये बीज सुटण्यासाठी पहिली पसंती हल्ली यालाच आहे. फक्त गर्भ राहिल्याची शंका असताना सुरू करायचं नाही.

मौनीबाबा

इथे पुरुषही वाचत असतील तर लिहितो. माझ्या रिपोर्टवर 'ऑलिगोअस्थेनोटेराटोझूस्पर्मिया' असं होतं. उच्चारायलाच तालीम करावी लागली. बायको वर्षभर सुया टोचून घेत होती आणि माझी एक साधी वीर्यतपासणी शेवटी झाली. हे मला अजून खटकतं. कोणाच डॉक्टरने आधी सांगितलं नाही, आणि घरात तर विषयच नव्हता.

कोवळं_ऊन

मौनीबाबा, मौन सोडल्याबद्दल आभार! हा मुद्दा ठळक अक्षरात हवा. अडचण असलेल्या जोडप्यांपैकी जवळपास निम्म्या ठिकाणी पुरुषाच्या बाजूचं कारण एकटं किंवा सोबतीने असतं. वीर्यतपासणी सगळ्यांत सोपी, बिनसुईची. ती पहिल्या आठवड्यात व्हायला हवी. स्टेथोस्कोप, तो लांबलचक शब्द फोडून सांगाल का?

स्टेथोस्कोप

तीन तुकडे आहेत. ऑलिगो म्हणजे संख्या कमी, अस्थेनो म्हणजे हालचाल कमी, टेराटो म्हणजे आकार बिघडलेले. तिन्ही असले की डॉक्टर लोक ओएटी म्हणतात. अझूस्पर्मिया म्हणजे नमुन्यात शुक्राणूच नाहीत. ते वेगळं प्रकरण, खाली येतो.

आकडे: जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या आवृत्तीत खालच्या मर्यादा अशा आहेत. वीर्य १.४ मिलिलिटर, दर मिलिलिटरला १.६ कोटी शुक्राणू, संपूर्ण नमुन्यात ३.९ कोटी, हालचाल करणारे एकूण ४२ टक्के, पुढे सरकणारे ३० टक्के, आणि व्यवस्थित आकाराचे ४ टक्के. हो, चार. रिपोर्टवर 'अॅबनॉर्मल ९५ टक्के' वाचून माणसं कोसळतात. ते ठीक आहे.

या मर्यादा आल्या कुठून? ज्यांच्या जोडीदाराला वर्षभरात गर्भ राहिला अशाच पुरुषांची मोजणी केली आणि त्यातल्या सगळ्यांत खालच्या पाच टक्क्यांवर रेघ मारली. म्हणजे रेघेखाली असूनही बाप झालेले लोक त्याच मोजणीत होते. रेघेच्या वर असणं म्हणजेही हमी नव्हे.

एका रिपोर्टवर काही ठरवू नका. शुक्राणू तयार व्हायला अडीच-तीन महिने लागतात. दोन महिन्यांपूर्वीच्या जबर तापाचा परिणाम आजच्या नमुन्यात दिसतो. नमुना देण्याआधी २ ते ७ दिवसांचं अंतर ठेवा, घरून नेणार असाल तर तासाभरात पोचवा. आणि नमुन्याचा पहिला भाग सांडला तर लाजू नका, सांगा. शुक्राणू सर्वांत जास्त त्यातच असतात; तो गेला तर रिपोर्ट उगाच वाईट येतो.

अझूस्पर्मियाचे दोन प्रकार. ऑब्स्ट्रक्टिव्ह म्हणजे कारखाना चालू आहे, वाट बंद आहे. नॉन-ऑब्स्ट्रक्टिव्ह म्हणजे उत्पादनच नाही किंवा नगण्य आहे. पहिल्यात वृषणातून किंवा त्याच्या वरच्या नळीतून सुईने शुक्राणू काढता येतात, त्याला टेसा, पेसा म्हणतात. दुसऱ्यात सूक्ष्मदर्शकाखाली वृषणातच शोध घ्यावा लागतो, ती मायक्रो-टेसे. मिळतीलच असं नाही.

आणि एक सूचना, कारण हे वारंवार दिसतं. जिमसाठी किंवा 'ताकद कमी आहे' म्हणून टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शनं घेत असाल तर ती शुक्राणू बनणं बंद पाडतात. बाहेरून भरपूर मिळतंय म्हटल्यावर मेंदू वृषणांना काम थांबवायला सांगतो. अनेकदा ती बंद केल्यावर काही महिन्यांनी शुक्राणू परत येतात, पण डॉक्टरांना सांगितल्याशिवाय कळणार कसं?

मौनीबाबा

व्हेरिकोसील? मला ग्रेड वन म्हणून सांगितलंय, डॉप्लरमध्ये (रक्तप्रवाह दाखवणाऱ्या सोनोग्राफीत) दिसलं.

स्टेथोस्कोप

वृषणाजवळच्या फुगलेल्या शिरा. हाताला लागत असतील आणि रिपोर्ट खराब असेल तर ऑपरेशनचा विचार होतो. फक्त डॉप्लरवर दिसणाऱ्या, हाताला न लागणाऱ्या शिरांसाठी सहसा ऑपरेशन सुचवत नाहीत. तुमच्या बाबतीत हाताने तपासून कोणी पाहिलं का, हे आधी विचारा.

सांजवारा

एचएसजी फार दुखतं का? पुढच्या आठवड्यात आहे.

कोवळं_ऊन

कुणाला पाळीसारखी कळ, कुणाला चांगलीच. आधी वेदनाशामक घ्यायची का ते डॉक्टरांना विचारून ठेव, सोबत कुणाला तरी ने.

पाळी थांबल्यावर, बीज सुटायच्या आधी करतात. गर्भाशयात डाय म्हणजे एक्स-रेत दिसणारं द्रव सोडून एक्स-रे काढतात. डाय दोन्ही ट्यूबमधून पोटात सांडला तर रिपोर्टवर 'बायलॅटरल फ्री स्पिल', म्हणजे दोन्ही मोकळ्या. 'कॉर्न्युअल ब्लॉक' असं आलं, म्हणजे ट्यूबच्या गर्भाशयाकडच्या तोंडाशीच अडलं, तर लगेच हाय खाऊ नकोस. त्या क्षणी ट्यूब आखडली तरी तसंच दिसतं. अशा वेळी दुसऱ्या पद्धतीने खात्री करतात.

'हायड्रोसाल्पिंक्स' मात्र गांभीर्याने घे. ट्यूबचं टोक बंद होऊन आत पाणी साठलेलं असतं. तेच पाणी गर्भाशयात झिरपून आयव्हीएफचंही यश घटवतं, म्हणून आधी ती ट्यूब काढतात किंवा मुळाशी बंद करतात. 'ट्यूबची गरजच नाही तर ऑपरेशन कशाला' हा प्रश्न मलाही पडला होता, त्याचं उत्तर हे.

जास्वंद

माझ्या सोनोग्राफीच्या चिठ्ठीवरची ओळ जशीच्या तशी देते: 'डी १२, आरओ १८ × १७, एलओ एमएसएफ, ईटी ८.२ टीएल, पीओडी निल'. कुणी उलगडेल?

कोवळं_ऊन

वा, ही तर नमुन्याची ओळ आहे.

डी १२: पाळीचा बारावा दिवस. पहिला दिवस म्हणजे नीट रक्तस्राव सुरू झाला तो, डाग पडला तो नव्हे. आरओ: उजवा बीजकोश, त्यात १८ बाय १७ मिलिमीटरचं एक फॉलिकल, म्हणजे तयार व्हायला आलेलं. पुढे वाढलेलं फॉलिकल दिवसाला साधारण दीड-दोन मिलिमीटरने मोठं होतं. एलओ: डावा, एमएसएफ म्हणजे बरीच लहान फॉलिकल्स. ईटी: गर्भाशयाच्या अस्तराची जाडी, ८.२ मिलिमीटर. साधारण सात-आठच्या वर असलं की डॉक्टर समाधानी असतात. टीएल म्हणजे ट्रायलॅमिनर, अस्तराचे तीन पदर वेगळे दिसताहेत. बीज सुटण्याआधी असंच दिसायला हवं. पीओडी म्हणजे गर्भाशयामागची खोलगट जागा. फॉलिकल फुटलं की तिथे थोडं पाणी दिसतं. निल म्हणजे पाणी नाही, बहुधा अजून फुटलेलं नाही.

तुला आता एकतर दोन दिवसांनी परत बोलावतील किंवा ट्रिगर, म्हणजे फॉलिकल फुटून बीज सुटावं म्हणूनचं इंजेक्शन, देतील.

जास्वंद

ट्रिगरच दिलं संध्याकाळी! परवा आययूआय. आभार गं, ही चिठ्ठी मी फ्रेम करणार.

सांजवारा

आययूआय, आयव्हीएफ, इक्सी यातला फरक दोन ओळीत द्या ना कुणीतरी.

कोवळं_ऊन

आययूआय: वीर्य धुऊन, चपळ शुक्राणू वेगळे करून थेट गर्भाशयात सोडायचे. बाकी सगळं शरीरातच. ट्यूब मोकळी लागतेच.
आयव्हीएफ: बीजं बाहेर काढून, शुक्राणूंसोबत एका भांड्यात ठेवून फलन होऊ द्यायचं.
इक्सी: एका बीजात एक शुक्राणू सुईने घालायचा.

आयव्हीएफने पहिलं बाळ १९७८ मध्ये जन्मलं, इक्सीने १९९२ मध्ये. इक्सी ही शुक्राणू फार कमी असतील तर मोठीच सोय आहे. पुरुषाच्या बाजूने दोष नसेल तर इक्सीमुळे बाळ होण्याची शक्यता वाढते असं दिसलेलं नाही. तरी सरसकट इक्सी सुचवली तर 'आमच्यात कशासाठी' हे विचारायचा हक्क आहे.

पेट्रीडिश

मी एम्ब्रिऑलॉजिस्ट, म्हणजे लॅबमध्ये गर्भ सांभाळणारी, बंद दाराआड काम करणारी. या धाग्यावर राहवलं नाही.

पेशंट सगळ्यांत जास्त खचतात ते गळतीने, कारण ती कोणी आधी समजावलेली नसते. समजा सोनोग्राफीत १५ फॉलिकल्स दिसली. एग पिकअपला, म्हणजे बीजं बाहेर काढताना, १२ बीजं मिळाली, कारण प्रत्येक फॉलिकलमधून बीज हाती लागतंच असं नाही. त्यातली ९ किंवा १० पक्व, आम्ही त्यांना एमटू म्हणतो. बाकीची एमवन किंवा जीव्ही, म्हणजे कच्ची. दुसऱ्या दिवशी सकाळी बघतो तेव्हा सातेक फललेली असतात. फललेल्या बीजात दोन गोल केंद्रकं शेजारी शेजारी दिसतात, एक आईचं, एक बाबांचं. रिपोर्टवर '२ पीएन' लिहितात ते हेच. तिसऱ्या दिवशी सहा ते आठ पेशी. पाचव्या दिवसापर्यंत तीन-चार टिकतात. १५ वरून ३ हे ऐकून पलीकडून फोनवर रडणं ऐकू येतं, आणि मला मात्र ती बॅच चांगली गेलेली दिसत असते.

आता ४एबी. पाचव्या दिवसाचा गर्भ म्हणजे ब्लास्टोसिस्ट. आकडा १ ते ६, तो किती फुगलाय ते सांगतो: ४ म्हणजे पूर्ण फुगलेला, ५ म्हणजे कवचातून बाहेर यायला लागलेला, ६ म्हणजे पूर्ण बाहेर. पहिलं अक्षर आतल्या पेशींच्या गोळ्याचं, ज्यातून बाळ बनतं. दुसरं बाहेरच्या पेशींचं, ज्यांतून वार बनते. ए चांगलं, सी कमी. हे सगळं नजरेने ठरतं. दोन एम्ब्रिऑलॉजिस्ट एकाच गर्भाला बीबी आणि एबी देऊ शकतात. आणि ग्रेडवरून गुणसूत्रं कळत नाहीत. देखण्या ४एएमध्ये गुणसूत्रांचा दोष असू शकतो, बीसीतून ठणठणीत मूल होतं. ग्रेड कशासाठी? हाताशी चार असतील तर आधी कुठला सोडायचा, हे ठरवायला. तुमचं मूल कसं असेल याचा त्यात काही अंश नाही. मला एकदा विचारलं होतं की बी ग्रेडचं मूल अभ्यासात मागे पडेल का!

नवीन_आयडी

'फ्रीझ ऑल' सांगितलं म्हणजे काहीतरी बिघडलं असंच ना? माझ्या बहिणीला सांगितलंय.

पेट्रीडिश

अजिबात नाही. बीजं खूप आली असतील, ओएचएसएसची भीती असेल, प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक लवकर वाढलं असेल, अस्तर जमलं नसेल, गुणसूत्रांची तपासणी करायची असेल, तर सगळे गर्भ गोठवून नंतरच्या पाळीत सोडतात. व्हिट्रिफिकेशन म्हणजे इतक्या झपाट्याने गोठवणं की बर्फाचे कण बनतच नाहीत. मग उणे १९६ अंशाच्या द्रव नायट्रोजनमध्ये. तिथे ते म्हातारे होत नाहीत. वितळवताना बहुतेक सगळे सुखरूप बाहेर येतात.

स्टेथोस्कोप

ओएचएसएसबद्दल मात्र बहिणीला सांगून ठेवा. इंजेक्शनांना बीजकोशांनी जास्तच प्रतिसाद दिला की ते सुजतात, पोटात पाणी साठतं. थोडं फुगणं नेहमीचं. पण वजन भराभर वाढणं, लघवी कमी होणं, उलट्या न थांबणं, धाप लागणं, पाय दुखून सुजणं यातलं काही झालं तर सकाळची वाट बघायची नाही, लगेच दवाखान्यात. पीसीओएस असलेल्या, जास्त एएमएचवाल्या बायकांना धोका जास्त.

आकडेमोडे

सक्सेस रेट हा शब्द कोणी घेतला नाही अजून. एका ठिकाणी आम्हाला '५० टक्के' सांगितलं. मी विचारलं, कशाचे ५० टक्के? समोरचा समुपदेशक गोंधळला.

हिशेब बघा, आकडे फक्त गणितासाठी घेतलेत. १०० बायकांनी सायकल, म्हणजे आयव्हीएफची एक खेप, सुरू केली. ९० जणींचं एग पिकअप झालं. ७० जणींचं ट्रान्सफर झालं, म्हणजे गर्भ गर्भाशयात सोडला. ३५ जणींचा बीटा, म्हणजे गर्भ राहिल्याची रक्ततपासणी, पॉझिटिव्ह. ३० जणींना सोनोग्राफीत ठोके दिसले. २५ घरी बाळ आलं. ३५ भागिले ७० म्हणजे ५० टक्के. २५ भागिले १०० म्हणजे २५ टक्के. दोन्ही खरे. पाटीवर कोणता जाईल सांगा.

विचारायचं ते असं: माझ्या वयोगटात, सुरू केलेल्या दर सायकलमागे जिवंत बाळ किती? 'क्युम्युलेटिव्ह' म्हटलं तर एका पिकअपमधले ताजे आणि गोठवलेले सगळे गर्भ वापरून होणारा एकत्रित आकडा. तोही उपयोगी, पण तसं स्पष्ट म्हटलेलं हवं.

कोवळं_ऊन

आकडेमोडे, ही पोस्ट वर चिकटवायला हवी.

याच्याच शेजारी जादा सेवांचे शब्द येतात. स्क्रॅचिंग म्हणजे अस्तर मुद्दाम खरवडणं. २०१९ च्या मोठ्या चाचणीत त्याचा फायदा दिसला नाही. पीजीटी-ए म्हणजे गर्भाच्या बाहेरच्या काही पेशी काढून गुणसूत्रं मोजणं. त्याने गर्भ निवडता येतो, सुधारता येत नाही. वारंवार गर्भपात, जास्त वय अशा ठिकाणी त्यावर चर्चा होते, सरसकट सगळ्यांसाठी नाही. याला पुरावा काय, हे शांतपणे विचारायचं. उत्तर देताना डॉक्टर चिडले तर तेही एक उत्तरच.

सांजवारा

ट्रान्सफरनंतर पंधरा दिवस पाय वर करून झोपायचं असतं ना? मला तर जिनाही उतरू नको म्हणतात घरी.

स्टेथोस्कोप

नाही. पडून राहण्याने फायदा होतो असं कुठे सिद्ध झालेलं नाही. गर्भ घरंगळून पडत नाही. जिना उतरा.

नवीन_आयडी

बहिणीचं पुढचं विचारते. ट्रान्सफरनंतर घरी स्ट्रिप लावावी का? आणि गंमत म्हणजे तिच्या मैत्रिणीला ट्रान्सफरनंतर दोनच आठवड्यांनी डॉक्टर म्हणाले 'पाच आठवडे होत आले'. हे कसं?

पेट्रीडिश

गर्भाचं वय शेवटच्या पाळीपासून मोजतात, म्हणजे गर्भ राहायच्या दोन आठवडे आधीपासून. पाच दिवसांचा गर्भ सोडला त्या दिवशीच कागदावर २ आठवडे ५ दिवस झालेले असतात. त्यात १४ मिळवा, ४ आठवडे ५ दिवस. सासरच्यांना हे समजावताना दमछाक होते, ठाऊक आहे.

कोवळं_ऊन

स्ट्रिपचं: ट्रिगरमध्ये बहुधा एचसीजीच असतं, म्हणजे गर्भ राहिल्यावर शरीरात येणारं संप्रेरक, आणि स्ट्रिप तेच शोधते. ताज्या ट्रान्सफरला लवकर लावली तर इंजेक्शनचंच एचसीजी दिसून खोटी दुसरी रेघ येऊ शकते. गोठवलेल्या ट्रान्सफरला उलटं, घाई केली तर खोटं 'नाही' येतं. आणि प्रोजेस्टेरॉनच्या गोळ्यांनी छाती दुखणं, झोप येणं, पाळी लांबणं सगळं होतं, त्यामुळे लक्षणांवरून काही ठरवू नका. ठरलेल्या दिवशी रक्ताचा बीटा करा. तो नाही आला तरी डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळ्या बंद करायच्या नाहीत.

बीटा आला तर आपल्या आकड्याची दुसऱ्या बाईच्या आकड्याशी तुलना नको. ४८ तासांनी पुन्हा करून चढ बघतात. 'दुप्पट झालाच पाहिजे' असं कानावर पडतं, पण टिकणाऱ्या गर्भातही चढ त्याहून थोडा कमी असू शकतो. चढून लगेच उतरला तर त्याला बायोकेमिकल प्रेग्नन्सी म्हणतात. सोनोग्राफीत पिशवी दिसली की क्लिनिकल. बीटा अडखळत चढतोय आणि गर्भाशयात पिशवी दिसत नाही, तर एक्टोपिक म्हणजे ट्यूबमधला गर्भ नाही ना, हे बघतात. एका बाजूला जोरात दुखलं, चक्कर आली, खांदा दुखला तर तेव्हाही थांबायचं नाही.

मौनीबाबा

बायोकेमिकल झालं होतं आमचं. रिपोर्टवर एवढासा शब्द होता. तिने आठवडाभर कोणाशी बोलणं टाकलं होतं. लोक म्हणाले, 'अजून काही नव्हतंच की तसं'. एवढंच लिहायचं होतं.

पेट्रीडिश

होतं, मौनीबाबा. आम्ही पाहिलेलं असतं.

नवीन_आयडी

एएफसी करून आले आज. दोन्ही मिळून नऊ. डॉक्टर म्हणाल्या एएमएचपेक्षा बरं चित्र आहे, आधी नवऱ्याची वीर्यतपासणी आणि माझं एचएसजी, मग बोलू. नवरा म्हणतो 'माझी कशाला'. त्याला मौनीबाबांची पोस्ट वाचायला दिलीये.

मौनीबाबा

त्याला सांगा, २ ते ७ दिवसांचं अंतर ठेव आणि सांडलं तर खरं सांग. काही विचारायचं असेल तर मला व्यनि (व्यक्तिगत निरोप) कर म्हणावं.